पावलं पुन्हा हलली!

मैत्रिणींनो, लग्नानंतर पाच वर्षं मंगळागौर जागवली, उद्यापन झालं नि आपली पावलं जणू थांबलीच, नाही का?

नागपूरच्या मे महिन्यात मुलांना दुपारी बाहेर कसं सोडणार? म्हणून घरात टीव्हीला जोडायची नाचाची चटई आली. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली काढलेल्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’चाच हा प्रकार. पडद्यावरचा बाण ठरल्या जागी पोचला, की चटईवरच्या चार बाणांपैकी तोच पायाने दाबायचा.

“आई, तुला नाही जमायचं!” मुलं हसली. दोन मिनिटांत मला धापही लागली. मग झिम्मा आठवला, अन् चूक कळली. दर बाणानंतर मी पाय मध्ये आणत होते. म्हणजे दुप्पट मेहनत! पाय तिथेच राहू द्या. नुसता टेकलेला पाय चूक धरत नाहीत. पुढचं पाऊल दुसऱ्या पायाने टाका. टाच आपटू नका, भार चवड्यावर, गुडघे सैल. पदर खोचा, चटई सरकत नाही ना ते बघा, अन् गाणं आधी संथच लावा. गुडघे दुखत असतील, तर डॉक्टरांना विचारूनच.

आता चहाआधीची पंधरा मिनिटं माझी. मुलं रांगेत उभी असतात!