बिनव्याजी उधारीचा घोळ व त्याचा उलगडा

आखाजी झाली की खान्देशातील शेतकऱ्याचे नवे साल सुरू होते. सालदाराचा जुना करार संपून नवा ठरतो, मागील हंगामाचे देणेघेणे मिटते आणि येत्या खरिपाच्या तरतुदीकडे मन वळते. या दिवसांत जळगाव, धुळे, चोपडा, शिरपूर यांसारख्या पेठांतून फिरणाऱ्यास दुकानादुकानांवर ‘शून्य टक्के व्याज’, ‘बिनव्याजी हप्ते’ अशा पाट्या दिसतात. सबमर्सिबल मोटार, फवारणी पंप, फ्रीज, मोबाइल, जे हवे ते आज घरी न्यावे व पैसे सावकाश द्यावे, असे हे आमंत्रण असते. ते सर्वस्वी खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्यात एक घोळ हमखास दडलेला असतो, आणि तो न उमगल्यामुळे आमच्या एका सभासदावर गेल्या वर्षी जो प्रसंग ओढवला, तो सर्वांनी ऐकून ठेवण्याजोगा आहे.

हे गृहस्थ यावल तालुक्यातील केळीचे बागाईतदार असून व्यवहारात चोख म्हणून ओळखले जातात. पौषात त्यांनी शहरातील एका दुकानातून बिनव्याजी हप्त्यांवर मोटार घेतली. ती त्यांच्या बोअरवेलच्या खोलीस पुरेना, म्हणून चौथ्या दिवशी ती परत करून त्यांनी अधिक अश्वशक्तीची मोटार नेली. दुकानदाराने पहिले बिल त्यांच्यादेखत फाडून टाकले व दुसरे बिल केले. आमच्या सभासदांची समजूत झाली की पहिला व्यवहार संपला. परंतु दोन महिन्यांनी पासबुक भरून आणले, तेव्हा खात्यातून दरमहा एक नव्हे, तर दोन हप्ते जात असल्याचे दिसून आले. रागाच्या भरात त्यांनी खात्यातील सारी रक्कम काढून घेतली. मग दोन्ही हप्ते चुकले व दोहोंवर दंड चढला. ज्येष्ठात पीककर्जासाठी ते बँकेत गेले, तेव्हा त्यांच्या नावावर थकबाकीची नोंद निघाली. ज्या घराने तीन पिढ्यांत कोणाचा पैसा बुडवला नाही, त्या घराच्या कर्त्यास थकबाकीदार म्हणून माघारी यावे लागले.

यात लबाडी कोणाची होती? आमच्या मते कोणाचीच नव्हती. दुकानदाराने मोटार खरोखरच परत घेतली होती. पण बिल दुकानाचे होते आणि कर्ज दुकानाचे नव्हते, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानी आली नाही. पूर्वीच्या उधारीत दोनच पक्ष असत. वाण्याच्या वहीत नाव चढे व पैसे दिले की वाणी ते खोडून टाकी. आजच्या हप्त्यांच्या व्यवहारात तिसरा पक्ष उभा असतो, आणि तो म्हणजे बँक अथवा वित्तसंस्था. ती दुकानदारास मोटारीचे पैसे देऊन मोकळी होते व आपल्याशी स्वतंत्र कर्जाचा करार करते. त्या करारावर आपण कागदावर सही करून किंवा मोबाइलवर आलेला अंक सांगून संमती देतो. दुकानातले बिल फाडल्याने तो करार फाटत नाही. माल परत आल्याचे दुकानाने वित्तसंस्थेस कळवावे लागते व वित्तसंस्थेने कर्ज रद्द करावे लागते. दुकानातील माणूस ते कळवण्यास विसरला, एवढ्यावरून हे सारे घडले.

आता ‘बिनव्याजी’ या शब्दाचा अर्थ पाहू. पैसा बिनव्याजी कोणी कोणास देत नाही. व्याज कोणीतरी सोसतो, म्हणूनच दुसऱ्यास ते दिसत नाही. आपले पीककर्ज हे याचे जवळचे उदाहरण होय. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास शून्य टक्के दराने पडावे, अशी घोषणा राज्य शासनाने २०२१ च्या अर्थसंकल्पात केली. तेथे व्याज नाहीसे झालेले नाही. केंद्र व राज्य सरकार ते भरतात, आणि मुदत चुकली की सवलत जाऊन ते शेतकऱ्याच्या अंगावर येते. दुकानातील शून्य टक्क्याचे व्याज मात्र सरकार भरत नाही. काही वेळा कारखानदार अथवा दुकानदार आपल्या नफ्यातून ते सोसतो. पुष्कळदा ते किमतीत मिसळलेले असते किंवा फी, विमा अशा नावांनी वसूल होते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही व अशा योजनांत व्याजाचा भार झाकला जातो.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एका मोटारीची हप्त्यांवरील किंमत २४,००० रुपये आहे असे समजा. ३,००० रुपयांचे ८ हप्ते ठरले व त्यांपैकी २ हप्ते आगाऊ घेतले. कागदपत्रांची फी ६०० रुपये पडली. तीच मोटार रोखीने घेणाऱ्यास २२,८०० रुपयांत मिळते. म्हणजे ६,००० आगाऊ दिल्यावर आपल्याला खरी नड १६,८०० रुपयांची होती. तिच्यापोटी सहा महिन्यांत १८,००० रुपये हप्त्यांचे व ६०० फीचे भरावे लागले. हे १,८०० रुपये जास्तीचे झाले. कर्ज दरमहा फिटत जाते, हे लक्षात घेऊन हिशेब मांडला तर दर शेकडा दरमहा तीन रुपयांहून थोडे अधिक व्याज पडते. सावकाराच्या ज्या दराला आपले आजे-पणजे कंटाळले होते, तोच हा दर नाही काय? म्हणून दुकानात शिरताच पहिला प्रश्न रोखीच्या किमतीचा विचारावा.

शेतकऱ्यास आणखी एक अडचण आहे. नोकरदाराचा पगार दरमहा येतो, पण कपाशीचा पैसा दसरा-दिवाळीच्या पुढे हाती पडतो. केळीचा भावही व्यापाऱ्याच्या सौद्यावर अवलंबून असतो. आषाढ-श्रावणात खात्यात शिल्लक नसली व हप्ता वटला नाही, तर बँक व वित्तसंस्था दोघेही दंड लावू शकतात. अशा वेळी बिनव्याजी हप्ता व्याजी कर्जाहून महाग पडतो.

आमच्या सभासदांनी पुढे काय केले, ते सांगतो, कारण त्यातच या घोळाचा उलगडा आहे. प्रथम त्यांनी वित्तसंस्थेकडून दोन्ही कर्जांचे करार व खातेउतारे मागवले. मग दुकानदाराकडून त्याच्या छापील कागदावर, मोटारीचा क्रमांक व परतीची तारीख घालून, माल परत घेतल्याचा दाखला घेतला. तो जोडून वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज केला व पोच घेतली. खऱ्या कर्जाचा हप्ता मात्र त्यांनी लगेच भरून टाकला. हे फार महत्त्वाचे आहे. तक्रार करावयाची म्हणून सारेच हप्ते बंद केले, तर आपली बाजू खरी असूनही थकबाकी आपल्याच नावे चढते. तीन आठवड्यांत पहिले कर्ज रद्द झाले, कापलेले पैसे परत आले व थकबाकीची नोंद काढली गेली. पीककर्जही मिळाले, परंतु मान्सूनपूर्व कपाशीची लागवड हुकली ती हुकलीच.

वित्तसंस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. थकबाकीची चुकीची नोंद ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दोष दुकानाचा असेल, तर जळगाव किंवा धुळे येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस तेथे फी नाही. पुष्कळ लोक अशा तक्रारी घेऊन सावकारीच्या निबंधकाकडे जातात. परंतु रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्याचा सावकारी कायदा लागू होत नाही, त्यामुळे तेथे वेळ दवडू नये.

१८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने ऋणकोस दिलेल्या पैशाची पावती, दरसालचा हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क दिला. आज तोच हक्क निराळ्या नावांनी आपल्या हाती आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जापूर्वी वित्तसंस्थेने सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे तथ्यपत्रक ऋणकोस समजेल अशा भाषेत द्यावे, असा नियम आहे. त्यात न लिहिलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. तेव्हा आमच्या शेतकरी बंधुभगिनींनी सही करण्यापूर्वी मराठीतील तथ्यपत्रक, हप्ते चालू असता खातेउतारा व कर्ज फिटताच येणे नसल्याचा दाखला, हे तीन कागद मागितल्याखेरीज राहू नये. मागण्यास संकोच वाटत असेल, तर सही करण्यापूर्वी कागद घेऊन आमच्या कचेरीत यावे. सही झाल्यावर येणाऱ्यांचेही आम्ही स्वागतच करू, पण आधी येणाऱ्यास आमचा उपयोग अधिक होईल.