कॅमेऱ्याचा आकडा तसाच घेऊ नका

लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत नौदलाचे इंजिनिअर गॅस टर्बाइन शिकतात. अशा टर्बाइनच्या पात्याला किती उष्णता मिळते, हे इन्फ्रारेड कॅमेऱ्याने मोजायचंय? आधी कॅलिब्रेशन करा. कॅमेरा तापमान मोजतच नाही, येणारं प्रारण मोजतो. त्यात पृष्ठभागाची उत्सर्जकता, आजूबाजूचं परावर्तन आणि मधली खिडकी, सगळं मिसळलेलं असतं.

म्हणून पात्याला मॅट काळा रंग द्या, पृष्ठभागावर थर्मोकपल बसवा. त्याच खिडकीतून, त्याच कोनातून, पाच-सहा तापमानांना दोन्हींच्या नोंदी घ्या आणि वक्र काढा.

कंटाळा केलात तर? समजा हवा ६० अंश, पातं ४०. फरक २० अंशांचा. त्यात २ अंशांची चूक झाली, की उष्णता-संक्रमण गुणांक साधारण १० टक्क्यांनी चुकतो. थिसिसमधला तुमचा निष्कर्ष कदाचित तेवढ्याच फरकावर उभा असेल.