गुलाबाचे अत्तर आणि नूरजहानची आई

आमच्या नाशिकची एक मौज आहे. येथे शूर्पणखेचे नाक कापले गेले म्हणून गावाला नासिक म्हणू लागले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे मोगलांचा अंमल आला, तेव्हा त्यांनी याच गावाला नाव दिले गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे गाव. पेशवाईत जुने नाव परत आले. नाकावरून ओळखल्या जाणाऱ्या गावाला काही काळ फुलांचे नाव मिळावे, हा योगायोग मोठा रसिक म्हटला पाहिजे!

गुलाब आजही या भागात पिकतो. दिंडोरीच्या बाजूला जानोरी-मोहाडीकडे तो हरितगृहांत वाढतो आणि दूरच्या बाजारांत जातो. लांब दांड्याचा, मोठा देखणा. पण नाकाशी धरावा तर मुका! फूल अधिक दिवस टिकावे म्हणून या जाती निवडल्या गेल्या आणि त्या निवडीत सुगंध मागे पडला. ज्याचे अत्तर होते तो गुलाब निराळा. तो दमास्क जातीचा, फिक्या गुलाबी रंगाचा, आणि ऊन चढण्यापूर्वी खुडावा लागणारा.

या अत्तराचे नाव निघाले की पाठोपाठ नूरजहानचे नाव यायचेच. दंतकथा अशी की, राजवाड्यातील पाटातून गुलाबपाणी खेळत होते. बादशहा आणि बेगम त्याच्या काठी विहार करीत होती. उन्हाने तापलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग आलेला त्या लावण्यवतीने पाहिला, बोटाने टिपला, आणि अत्तर जन्मास आले. चांदणे तेवढे नाही. बाकी शृंगाराचे सारे साहित्य येथे हजर आहे.

पण खुद्द जहांगीर बादशहाने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांत १६१४ सालच्या मजकुरात जी हकीकत येते, तीत पाट नाही, प्रणय नाही, आणि शोध लावणारी नूरजहानही नाही. तो मान तिच्या आईचा आहे. तिचे नाव अस्मत बेगम. नवऱ्याबरोबर इराण सोडून ती हिंदुस्थानात आली. वाटेत कंदाहारला १५७७ साली झालेली मुलगी हीच पुढची नूरजहान.

इराणात गुलाबपाणी काढण्याची कला जुनीच होती. अस्मत बेगम ते काढीत असता गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतले की वर साय धरते, हे तिच्या ध्यानात आले. दुसरी एखादी ती गाळून टाकती. हिने ती थोडी थोडी टिपून साठविली. आपल्या घरोघरच्या बायका दुधाची साय रोज वाटीत काढून ठेवतात, अगदी त्याच हिशेबाने! त्या सायीचा एक थेंब तळहाताला चोळला तर सगळी बैठक दरवळून जाई, असे बादशहा सांगतो.

शास्त्र पाहू गेल्यास गोष्ट साधी आहे. गुलाबाचे तेल पाण्याहून हलके, म्हणून वर तरंगते. थंडाव्याने मेणासारखे थिजते, म्हणून सायीसारखे दिसते. प्रमाण मात्र छातीत धडकी भरविणारे. एक किलो तेलासाठी तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणून तर कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगेत फुले शिजवून ती वाफ चंदनाच्या तेलात मुरवीत आले. थेंबाथेंबाने साठविणाऱ्या त्या बाईच्या चिकाटीची किंमत यावरून कळावी.

बादशहाने तिला मोत्यांची माळ बक्षीस दिली. अकबराची बेगम सलीमा सुलतान त्या वेळी हजर होती. तिने या तेलाचे बारसे केले. नाव ठेवले ‘इत्र-इ-जहांगिरी’. म्हणजे शोध सासूचा आणि नाव जावयाचे!

अस्मत बेगम १६२१ साली वारली. पुढच्याच वर्षी तिचा नवराही गेला. आग्र्यात यमुनेकाठी नूरजहानने आईबापांसाठी संगमरवरी कबर बांधविली. रंगीत दगडांच्या जडावाने तिच्या भिंतींवर फुलदाण्या, सुरया आणि सरूची झाडे उमटविली. उभयता तेथे शेजारी शेजारी विसावली आहेत. परंतु वास्तू ओळखली जाते ती नवऱ्याच्या किताबाने, इतमाद-उद-दौलाची कबर म्हणून. सुगंधाला जावयाचे नाव, कबरीला नवऱ्याचे नाव आणि दंतकथेत लेकीचे नाव! सारे घरच्याच माणसांना वाटून झाले. बाईच्या वाट्याला काय उरले?

नूरजहानच्या मोठेपणाला यात उणेपणा येत नाही. तिचे नाव ज्यांवर कोरले आहे अशी नाणी पाडली गेली. राज्यकारभार तिने हाती धरला होता. तिला उसन्या कीर्तीची गरज नव्हती. पण सौंदर्याची कथा लोकांना आवडते, कष्टाची तितकी आवडत नाही. राणीचे बोट आठवणीत राहते. साय टिपणारा हात राहत नाही.

अभ्यंगस्नानाच्या पहाटे घरोघर अत्तराची कुपी उघडेल. हळदीकुंकवाला गुलाबदाणी झुलेल, मनगटाच्या मागे अत्तराचे बोट फिरेल. गुलाबाच्या त्या पहिल्या दरवळाबरोबर अस्मत बेगमेचे नाव एकदा तरी उच्चारायला काय हरकत आहे?