माळवदाखालच्या रेकॉर्ड्सना शाही स्नान!

पुण्यात वन-बीएचके, हॉलमध्ये नवाकोरा टर्नटेबल, पण वाजवायला रेकॉर्ड्स जेमतेम चार. आणि तिकडे तुळजापूर, उमरगा नाहीतर परंड्याच्या जुन्या घरात आजोबांची तबकड्यांची अख्खी पेटी धूळ खात पडलेली. ओळखीचं वाटतंय? मग पुढच्या वेळी धाराशिवला (२०२३ पर्यंतचं आपलं उस्मानाबाद) जाल, तेव्हा पेटी घेऊनच या. भंगारवाल्याच्या आधी!

मात्र घरी आल्या आल्या सुई टेकवायचा मोह आवरा. माळवदाचं घर म्हणजे डोक्यावर मातीचं छत. त्यातून बारीक माती वर्षानुवर्षं झरत असते. रेकॉर्डवरची खाच असते मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. तिथे बसलेल्या मातीवरून सुई फिरली की सॅण्डपेपरच घासला म्हणायचं. कापडाने पुसलंत तर निम्मी माती निघते, निम्मी आणखी खोल जाते.

इथे कामाला येतं अल्ट्रासॉनिक मशीन. चष्म्याच्या नाहीतर सराफाच्या दुकानात गुणगुणणारी छोटी स्टीलची टाकी पाहिली असेल ना? तेच तंत्र. सेकंदाला साधारण ४० हजार कंपनं पाण्यातून जातात, सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रशचा केस पोचत नाही तिथली घाण सोडवतात. खास रेकॉर्डसाठीची परदेशी मशीन्स मिळतात. १२० किलोहर्ट्झवर चालणारं एस्टोनियाचं ‘डेग्रिटर’ त्यातलं नावाजलेलं. किंमत मात्र लाखांत, म्हणजे ईएमआयवाल्यांनी लांबूनच नमस्कार! आपल्यासाठी सहा लिटरची साधी टाकी आणि रेकॉर्ड उभी धरून सावकाश फिरवणारी मोटर पुरते. टाकी आतून तीस सेंटिमीटर लांब आहे ना, हे मोजूनच घ्या. बारा इंची एलपी खालून दहा सेंटिमीटर बुडली की खाचा पाण्यात आणि मधलं लेबल कोरडं.

पण थांबा, आधी पेटीतली वर्गवारी. लेबलवर ७८ आरपीएम, वजनाला जड, जरा वाकवली तर मोडेल अशी तबकडी असेल तर ती बहुधा विनाइल नाहीच, लाखेची आहे. आपल्याकडे अशा तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर हे बहुतेक याच गठ्ठ्यात सापडतील. यांना मशीनमध्ये घालू नका. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, चिरेतून पाणी शिरलं की खेळ खल्लास. स्पिरिट तर बिलकूल नको, लाख त्यात विरघळते. मऊ ब्रश, किंचित साबणाचं पाणी, लगेच कोरडं. एवढंच. ‘गीतरामायण’ १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. त्याचे पुढे निघालेले एलपी सापडले तर मात्र ते विनाइल. खुशाल टाकीत!

आता पाणी. बोअरचं पाणी किती जड, हे गावाकडच्या गीझरची कॉइल पाहिलेल्यांना सांगायला नको. तेच क्षार खाचेत वाळले तर माती गेली आणि चुना आला! इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा (अॅसिड नव्हे, लेबल वाचा). त्यात बिनवासाच्या लिक्विड सोपचे दोन-चार थेंब पुरेत. टाकीत अल्कोहोल ओतायचा सल्ला कुणी देईल, पण ते पेट घेतं. तापणाऱ्या मशीनमध्ये कशाला विकतचं दुखणं? दहा-पंधरा मिनिटं फिरवा. मशीन चालता चालता पाणी तापतं, ते ३५ अंशांच्या वर गेलं की ब्रेक. जास्त गरम झालं तर विनाइल वाकतं. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने खळखळून घ्या आणि उभी ठेवून वाळवा.

तळाशी साचलेला गाळ बघाल तेव्हा गाव आठवेल! गढूळ पाणी बदलल्याशिवाय पुढची रेकॉर्ड घालू नका. धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत सरकवू नका; सगळी माती तिथेच आहे. नवं आतलं पाकीट घ्या, बाहेरचं चित्राचं कव्हर जपा.

एवढं करूनही खरखर उरली तर ती ओरखड्याची किंवा झिजेची. त्यावर या मशीनकडे औषध नाही. आणि पेटी आणायला जाणार असाल तर पावसाळ्यानंतर, नवरात्रात जा. मे महिन्यात तिकडे पारा चाळिशीपार असतो, बंद डिकीत एलपीचा पापड व्हायला एक दुपार पुरते.