पाहुणा म्हणावे की गिऱ्हाईक?

परगावी रात्र काढण्याच्या जागांना मराठीत नावांची वाण नाही. धर्मशाळा आहे, सराई आहे, खाणावळ आहे. इंग्रजांच्या अमदानीत डाकबंगला आला, पाठोपाठ लॉज आला. आता ‘होमस्टे’ आणि ‘बुटीक हॉटेल’ ही जोडी आली आहे. धर्मशाळेत पैसे पडत नसत, पण तेथे आपली वाटही कोणी पाहत नसे. लॉजमध्ये पैसे टाकले की किल्ली हाती येते आणि संबंध तेथेच संपतो. नातेवाइकांकडे उतरावे, तर पैशाचे नाव काढता येत नाही. मात्र चौथ्या दिवशी यजमानीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा धीर होत नाही! आणि आता हा नवा प्रकार: पैसे मोजून पाहुणा व्हायचे. जन्म शब्दांचे अर्थ सांगण्यात गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला याचे कुतूहल वाटावे, यात नवल नाही. म्हणून गेल्या मार्गशीर्षात दोन रात्री मी रोह्यास एका तीन खोल्यांच्या घरात राहून आलो.

“रोह्याला? तिथे काय आहे?” स्टाफरूममध्ये हा प्रश्न आलाच. मुंबईकर रोह्याला ओळखतो तो स्टेशन म्हणून. दिव्याहून निघालेली गाडी 1986 पासून रोह्यापर्यंत जाऊ लागली, आणि पुढे 1998 साली देशाला अर्पण झालेल्या कोकण रेल्वेचा आरंभ येथूनच होतो. त्यामुळे गाड्या रोह्यावरून जातात आणि माणसेही रोह्यावरून जातात, उतरणारे थोडे. वस्तुतः रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर 1956 साली अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख यांचे बालपण या गावात गेले. पांडुरंगशास्त्री आठवले येथेच 1920 साली जन्मले. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते, तेव्हा पोलीस त्यांना सशस्त्र मानवंदना देतात. देवाला सरकारी सलामी मिळणारी गावे किती असतील? शिवाय कुंडलिका नदी आहे, पलीकडे अष्टमी आहे आणि नजरेच्या टप्प्यात अवचितगड आहे.

मी उतरलो ते घर गावाच्या जुन्या भागातले. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसात विहीर. वर मंगलोरी कौले. ओटीलगतची एक आणि माडीवरच्या दोन अशा खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या. मालक निवृत्त शिक्षक, सत्तरीच्या आसपासचे. कारभार मात्र सगळा काकूंच्या हाती. दोन मुलगे पुण्यात असतात. त्यांतल्या धाकट्याने घराचे फोटो काढून जाहिरात दिली आणि आईवडिलांना कामाला लावले, असे काका मोठ्या कौतुकाने सांगत होते.

खोलीत पलंग, टेबल, पंखा आणि भिंतीत जुना कोनाडा. न्हाणीघर तेवढे नवे. गरम पाण्याला बटण असूनही काकूंनी सकाळी विचारले, “बंबातलं पाणी देऊ का, सर? त्याची मजा वेगळी.” न्याहारीला तांदळाचे घावन आणि नारळाची चटणी. दुपारी वालाचे बिरडे आणि भाकरी. संध्याकाळी परसात पोपटी लावली होती. वालाच्या कोवळ्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात बसवून मडके उपडे घालायचे, भोवती जाळ करायचा आणि मडक्यातून वास सुटेपर्यंत गप्पा मारायच्या, हा या बाजूचा थंडीतला सोहळा. पाण्याचा थेंब न घालता शेंगा शिजतात, त्या पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर.

पर्यटन महामंडळाच्या ज्या योजनेखाली अशी घरे चालतात, तिचे नाव ‘न्याहारी निवास’. हे नाव ज्याने सुचवले त्याचे मला अभिनंदन करावेसे वाटते. ‘ब्रेकफास्ट’ला ‘अल्पोपहार’ म्हणण्याचा मोह त्याने टाळला. न्याहारी हा शेतावरचा शब्द. कामाच्या माणसाला घरून फडक्यात बांधून जाते ती न्याहारी. त्या शब्दात कोणीतरी घरी पहाटे उठलेले आहे.

दुसऱ्या दिवशी काकांबरोबर नदीवर गेलो. ते म्हणाले, “आमच्या नदीत घाटावरचं पाणी आहे बरं का.” ते खरेच आहे. पूर्वेकडे वाहून जायचे मुळशीचे पाणी टाटांनी अडवून कोकणात उतरवले. 1927 पासून ते भिऱ्याच्या वीजघरात वीज करते आणि कुंडलिकेला येऊन मिळते. म्हणून ऐन उन्हाळ्यातही या नदीला ओढ असते, आणि कोलाडजवळ शहरातली मंडळी रबरी होड्यांतून आरडाओरडा करीत तिच्यावर स्वार होतात. पण याच धरणाविरुद्ध 1921 साली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता आणि सेनापती बापट त्याचे पुढारी होते. गावे बुडालीच. काका थोडा वेळ पाण्याकडे पाहून म्हणाले, “त्यांची घरं पाण्यात गेली. आमचं कशात जातंय बघू.”

मग गोष्ट निघाली. घर तिघा भावांचे. काका थोरले. मधल्याला ठाण्यात मुलीसाठी जागा घ्यायची आहे, धाकट्याला गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेला पैसा हवा आहे. एका बांधकामवाल्याने चांगला भाव देऊ केला आहे. घर पाडून त्या जागी चार मजले उठतील आणि तिघांना एकेक फ्लॅट मिळेल. “त्यांचं चुकतंय असं मी कसं म्हणू?” काका म्हणाले. “गरज खरी आहे. मी इथे राहतो म्हणून मला घर दिसतं, त्यांना सातबारा दिसतो.”

हे ऐकताना मला मलायातील जॉर्जटाउन आठवले. माझा मावसभाऊ सिंगापुरास नोकरीला आहे. त्याच्याबरोबर चार वर्षांपूर्वी पेनांग बेटावरचे हे शहर पाहण्याचा योग आला होता. तेथे आम्ही एका जुन्या चिनी व्यापाऱ्याच्या घरात उतरलो होतो. खाली पूर्वी दुकान, वर बिऱ्हाड, मध्ये आभाळाला उघडा चौक आणि पुढे रस्त्यालगत छपराखालची वाट. त्या वाटेला तिकडे ‘पाच फुटी’ म्हणतात. सिंगापुरात रॅफल्सने 1822 साली प्रत्येक घराला अशी सलग ओसरी सक्तीची केली, आणि तो प्रघात त्या मुलखात पसरला. मला ती आपली पडवीच वाटली. फरक इतकाच, की आपली पडवी घरमालकाची आणि त्यांची येणाऱ्याजाणाऱ्याची.

हॉटेल सुंदर होते. खोल्या आठ, फरशी जुनी, नोकर अदबशीर. पण त्या गल्लीत संध्याकाळी दिवा लावणारे घर मला दिसले नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की तेथे जुना भाडेनियंत्रणाचा कायदा होता. तो 2000 सालच्या आरंभी उठला. भाडी वाढली आणि पिढ्यानुपिढ्यांचे भाडेकरू बाहेर पडले. 2008 साली युनेस्कोने शहर जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, तेव्हा प्रवाशांचा ओघ वाढला आणि रिकाम्या घरांची हॉटेले होऊ लागली. त्यामुळे पुष्कळ वास्तू वाचल्या, हे मान्य केले पाहिजे; नाहीतर त्या कोसळल्या असत्या. पण ज्यांच्यामुळे ती घरे घरे होती ती माणसे गेली.

रोह्याच्या त्या घरात नेमके उलट आहे. तेथे हॉटेल चालते म्हणून माणसे घरात आहेत. काकूंनी मला हिशेबाची वही दाखवली. दर वर्षी पावसाआधी कौले चाळावी लागतात. त्या कामाचे गडी आता मिळत नाहीत. मिळाले तर मागतील ते द्यावे लागते. वासे बदलणे, रंग, घरपट्टी. खोल्यांचे उत्पन्न यात जाते आणि थोडे उरते. “श्रीमंत नाही होत हो,” काकू म्हणाल्या, “पण गेल्या वर्षी कौलांसाठी मुलांकडे पैसे मागावे लागले नाहीत. आणि घरात चार माणसं येतात. नाहीतर आम्ही दोघंच बसतो टीव्हीकडे तोंड करून.”

मी विचारले, “पैसे घेताना संकोच नाही वाटत?”

“पहिल्यांदा वाटला. सासूबाई असत्या तर घरात पाऊल टाकू दिलं नसतं, म्हणाल्या असत्या, अन्न विकता? मग म्हटलं, अन्न विकत नाही, छप्पर राखते.”

या उत्तराने माझ्या शब्दार्थाच्या प्रश्नाचा निकाल लागला, असे मी म्हणणार नाही. निघताना मी पैसे दिले आणि काकूंनी ते मोजून घेतले, हे गिऱ्हाइकाचे. मग त्यांनी वालाचे एक पुडके माझ्या पिशवीत घातले आणि त्याचे पैसे घेण्यास साफ नकार दिला, हे पाहुण्याचे. दोन्ही हिशेब एकाच हाताने झाले आणि कोठे अडले नाही.

यंदा दिवाळीत तिघे भाऊ बिऱ्हाडांसह रोह्यास जमणार आहेत. काकूंनी त्या चार दिवसांत एकही खोली बाहेरच्यांना दिलेली नाही. माडीवरची मोठी खोली मधल्या दिरासाठी, ओटीलगतची धाकट्याच्या गुडघ्यांसाठी. काकांचे म्हणणे असे, की खोल्यांच्या उत्पन्नातून भावांना दर वर्षी काही द्यावे आणि घर आणखी पाच वर्षे राखावे. रक्कम मोठी नाही. ठाण्याची जागा त्यात येणार नाही. भाऊ काय म्हणतील ते भाऊबीज उलटल्यावर कळेल. मी मात्र पौषातली एक तारीख धरून ठेवण्यास फोनवर सांगितले. काकू म्हणाल्या, “लिहून ठेवते, सर. पेन्सिलीनं.”