दक्षिण युरोपची ट्रिप बजेटबाहेर? मित्रांना घेऊन वसई, कोर्लई आणि जुन्या गोव्याला जा

लिस्बनच्या उताराच्या गल्ल्या, रोममधले घुमट, स्पेनमधलं टेबलभर खाणं. असला रील मित्रांच्या ग्रुपवर पडला की खाली चार जण 'जायचंच' लिहितात. पाचवा विचारतो, 'किती लागतील?' आणि ग्रुप शांत होतो.

आता खर्चाचं गणित बघा. पोर्तुगाल, स्पेन, इटली, ग्रीस या सगळ्यांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. जून २०२४ पासून मोठ्या माणसासाठी त्याची फी ९० युरो झाली आहे आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. वर किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. शिवाय बँकेत पुरेसे पैसे आहेत, हे दाखवावं लागतं. हट्ट्यासारख्या वसमत तालुक्यातल्या गावात राहून नुकतीच नोकरी लागलेल्या पोरांची ट्रिप विमानापर्यंत जायच्या आधीच कागदांपाशी अडकते.

पण दक्षिण युरोपातला एक देश आपल्या किनाऱ्यावर साडेचारशे वर्षं मुक्काम ठोकून होता. पोर्तुगाल. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि १९ डिसेंबर १९६१ ला तो सुटला. त्यांचे किल्ले, चर्च, खाणं, इतकंच काय, त्यांच्या भाषेपासून तयार झालेली एक बोलीसुद्धा आजही इथं आहे. ती बघायला व्हिसा लागत नाही.

सुरुवात आपल्या ताटापासून

वडापाव घ्या. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आला, 'बटाटा' तर जसाच्या तसा पोर्तुगीज. सोबतची मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. त्याआधी आपल्या जेवणात तिखटपणा यायचा तो मुख्यतः मिरीमुळे. म्हणजे मराठवाड्याची ओळख असलेल्या ठेच्यातली मिरचीही कधीकाळी पाहुणी होती.

काजू, अननस, पपई ही फळंही अमेरिकेतली आणि त्यांची नावं पोर्तुगीजांमार्फत आलेली. कोबी, चावी, बादली, घमेलं, पगार हे शब्दही तिकडचेच. लिस्बनच्या हॉटेलात मेन्यूवर 'बटाटा' वाचून हरखून जाणारे मराठी पर्यटक खरं तर आपलाच रोजचा शब्द वाचत असतात.

पहिला थांबा: वसई

हट्ट्याहून परभणी किंवा पूर्णा स्टेशन गाठायचं, मुंबईची गाडी पकडायची आणि दादरवरून पश्चिम रेल्वेच्या लोकलने वसई रोडला उतरायचं. तिथून किल्ल्यापर्यंत बस किंवा रिक्षा मिळते.

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी इथं तटबंदीच्या आत अख्खं शहर वसवलं. आज आत फिरताना छप्पर उडालेली चर्च, कमानी आणि झाडीत हरवलेल्या भिंती दिसतात. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी मोठ्या लढाईनंतर हा किल्ला जिंकला. इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक.

एक गैरसमज इथं सोडून यायचा. वसईचे ख्रिस्ती लोक म्हणजे 'पोर्तुगीज' नव्हेत. ती इथलीच माणसं, घरात मराठीच्या बोली बोलणारी. २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच होते.

दुसरा थांबा: रेवदंडा आणि कोर्लई

गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग आणि पुढे रेवदंडा. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, तेव्हा रस्त्याने जावं लागतं. रेवदंड्यात पोर्तुगीज चौलची तटबंदी आणि एका चर्चचा उंच मनोरा उभा आहे. कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावरचा इथला किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला.

किल्ला सगळे बघतात. पण कोर्लईची खरी गोष्ट खाली गावात आहे. इथल्या ख्रिस्ती वस्तीत एक वेगळी बोली बोलली जाते. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, अर्थ 'आमची भाषा'. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या वळणाने जातं. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं.

ती तयार कशी झाली? पोर्तुगीज सैनिक आणि स्थानिक लोक एकत्र राहू लागले, संसार झाले, मुलं झाली. त्या घरांत दोन भाषांची मिळून तिसरी भाषा झाली. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल सोडलं, पण ही माणसं इथलीच होती, ती राहिली आणि त्यांची भाषाही राहिली. पावणेतीनशेहून जास्त वर्षं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये एक पुस्तक लिहिलं.

आज ही भाषा बोलणारे जेमतेम हजारभर लोक आहेत. शाळा मराठीत, बाजार मराठीत, नोकरी मुंबईत. घरातल्या मुलांनी बोलणं थांबवलं की भाषा संपली. युरोपात जाऊन ही भाषा ऐकायला मिळणार नाही. ती याच गावात ऐकता येते.

तिसरा थांबा: जुनं गोवं

रोहा किंवा पनवेलवरून कोकण रेल्वे पकडायची आणि करमळीला उतरायचं. जुनं गोवं तिथून जवळ आहे. इथली चर्च आणि मठ १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

दक्षिण युरोपातले तीन देश इथं चालत फिरता येतात. बॉम जीझस बासिलिका पोर्तुगीज काळातली, बांधकाम १५९४ ला सुरू झालेलं. आत ज्यांचं शव ठेवलंय ते संत फ्रान्सिस झेवियर आजच्या स्पेनमधल्या नवारा भागातले. आणि त्यांच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. टस्कनीचे ड्यूक कोसिमो तिसरे यांनी तो भेट दिला, शिल्पकार फोगिनी यांनी घडवला आणि १६९८ मध्ये तो इथं उभा राहिला. थोडं पुढे सेंट कॅजेटन चर्च आहे. इटालियन धर्मगुरूंनी ते रोमच्या सेंट पीटर्स बासिलिकेवरून बेतलं.

फोटो काढताना दुसरी बाजूही माहीत हवी. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडता, इन्क्विझिशन होतं. म्हणजे धर्माच्या नावाखाली लोकांची चौकशी, छळ आणि शिक्षा. भिंती सुंदर आहेत म्हणून तो काळ सुंदर होता असं नाही.

मग खायचं काय?

'विंदालू' हे नाव पोर्तुगीज 'विन्या द आल्यूश'वरून आलं. वाइनचा आंबटपणा आणि लसूण लावून मांस मुरवायची ही पद्धत. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा व्हिनेगर आला, वर आपले मसाले आणि मिरची पडली. पोर्तुगालला गेलात तर इतकं तिखट विंदालू तिथं शोधून सापडणार नाही.

वसईत सुकेळी घ्या, म्हणजे तिथली सुकवलेली केळी. ईस्ट इंडियन घरांतले गोल फुगे आणि बाटलीत भरून ठेवायचा 'बॉटल मसाला' प्रसिद्ध आहे. गोव्यात सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. त्याच्याकडची गव्हाची पोई खा. चुरीस म्हणजे गोव्याचं तिखट सॉसेज. गोडात थर लावून भाजलेली बेबिंका, नारळाचं दूध, अंडी आणि साखरेची.

ग्रुपमध्ये शाकाहारी मित्र असतील तर आधी विचारून घ्या. चुरीस आणि सोरपोतेल डुकराच्या मांसाचे असतात आणि बेबिंकेत अंडं असतं. अशांसाठी पोई आणि भाजी हा सोपा पर्याय. मासे खायला जाणार असाल तर जून-जुलै टाळा. तेव्हा मासेमारी बंदी असते.

आणि तिथं वागायचं कसं?

पणजीतला फोंतेन्यास भाग पिवळ्या, निळ्या, लाल घरांमुळे रीलवर गाजला. पण ही घरं सेट नाहीत, आत माणसं राहतात. पायरीवर बसून शूटिंग, दारात आरडाओरडा याला रहिवासी इतके वैतागले की अनेकांनी 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावल्या. पाटी असेल तर पुढे चला.

कोर्लईतही तेच. कुणासमोर मोबाईल धरून 'जरा तुमची भाषा बोलून दाखवा' म्हणणं म्हणजे माणसाला प्रदर्शनात ठेवणं. आधी ओळख करा, चहा घ्या, विचारा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

दुपारचं वेळापत्रकही बघून ठेवा. गोव्यात जुन्या वस्तीतली बरीच दुकानं दुपारी बंद असतात. पोर्तुगीज 'सोसेगादो' म्हणजे निवांत, त्यावरूनच 'सुशेगाद' आलं. मे महिन्यात दुपारी बारा ते चार हट्ट्यातला रस्ता कसा असतो हे ज्याला माहीत आहे, त्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

म्हणजे युरोप बघितल्यासारखं होईल का?

नाही. लिस्बन ते लिस्बनच, रोम ते रोमच. पैसे जमले की जरूर जा. पण तिथली एखादी गोष्ट आपल्या माणसांच्या हातात आल्यावर तिचं काय झालं, हे तिथं कळत नाही. वाइनच्या जागी ताडी कशी आली आणि पोर्तुगीज शब्द मराठी वाक्यात कसे बसले, हे बघायला याच किनाऱ्यावर यावं लागतं.

चार-पाच दिवसांची सुट्टी आणि रेल्वेचं तिकीट एवढ्यात हे जमतं. त्यात कोर्लईसाठी अर्धा दिवस जास्त ठेवा. रोम पुढच्या वीस वर्षांनीही असेल. 'नो लिंग'बद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही.