कोल्हापुरी चपला

कोल्हापूर शहरात ‘चप्पल लाईन’ या नावाचा एक बाजार आहे. तेथे शिरताच कमावलेल्या कातड्याचा उग्र दर्प येतो आणि दुकानादुकानांतून टांगलेल्या तांबूस चपला दृष्टीस पडतात. खरी कोल्हापुरी चप्पल कारखान्यात जन्मत नाही; ती कारागिराच्या घरी जन्मते. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना २०१९ साली या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले.

कच्चे कातडे तसेच ठेवले, तर ते कुजते. म्हणून प्रथम ते चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरील केस काढतात. नंतर बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवितात. हिरडा चाखला असता जीभ आखडल्यासारखी होते. ज्या तुरट द्रव्यामुळे असे घडते, त्यास टॅनिन म्हणतात. तेच द्रव्य कातड्याच्या तंतूंशी एकजीव होऊन त्यास टिकाऊ बनविते. जुन्या पद्धतीत कातडेच पिशवीसारखे शिवून टांगतात व त्यात हे पाणी भरतात. ते हळूहळू पाझरते. खाली साचलेले पुन्हा वर ओततात. या साऱ्यास कित्येक आठवडे लागतात.

शिवणाऱ्या घरात लहानथोर सर्वांचेच हात कामास लागतात. कोणी रापीने तळ कापतो, कोणी आरीने भोके पाडतो. पट्ट्यावरची नाजूक वेणी बहुधा स्त्रिया गुंफतात. शिवण कातड्याच्याच वादीची असते. खिळा लागत नाही. म्हणून चप्पल उसवली, तरी पुन्हा शिवता येते. चालताना ती करकर वाजावी, अशी हौस असणाऱ्यांसाठी तळात ‘विंचू’ही बसवीत. त्या आवाजाचा तोरा काही औरच!

एकोणिसाव्या शतकात क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची युक्ती निघाली. आठवड्यांचे काम एकदोन दिवसांवर आले. आज जगातील बहुतेक कातडे याच रीतीने कमावले जाते. परंतु त्याचे सांडपाणी शुद्ध न करता सोडले, तर नदी व शेते नासतात. पिढीजात धंदा करणाऱ्या घरासमोर म्हणूनच पेच उभा राहतो. जुनी रीत धरावी, तर माल उशिरा तयार होतो व महाग पडतो. सोडावी, तर चपलेचा गुणच जातो.

तथापि, जुने ते सारे निर्दोष, असेही नाही. खोडाची साल सभोवार सोलली, की बाभूळ वाळते. चुन्याचे व सालीचे पाणी ओढ्यात सोडले, तर मासे मरतात. यावर उपाय अवघड नाहीत. अन्य कामासाठी तोडलेल्या बाभळीचीच साल घ्यावी, हिरड्याचा वापर वाढवावा, तेच पाणी पुनःपुन्हा वापरावे. हिरडा हे तर फळच. ते वेचल्याने वृक्षास इजा होत नाही.

याहून अवघड प्रश्न माणसांचा आहे. ज्यांच्या हातची वहाण सर्वांच्या पायी शोभली, त्यांनाच समाजाने शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले. २०२५ साली इटलीतील एका विख्यात कंपनीने मिलान शहरी अशाच घडणीच्या चपला मिरविल्या, त्या वेळीही प्रथम कोल्हापूरचे नाव घेतले गेले नाही. आक्षेप निघाल्यावर कंपनीने चपलांचे मूळ मान्य केले. मात्र नाव झाले, तरी कारागिराच्या पदरात किती पडते, हे पाहिल्यावाचून घरातील मुलगा रापी हाती घेत नाही. शिकलेली मुले शहराकडे वळतात, आणि वेणी गुंफणारी आजी दाराशी एकटीच बसलेली दिसते.